गाठीतली चकती

३ डिसेंबर, रविवार

माझं जुनं लुगडं न विचारता नेलं. निळं, इरकली. काठ विटलाय पण अंग अजून धड आहे. गोधडीत घालायला ठेवलं होतं. ट्रंक उघडते तर जागा रिकामी. विचारलं तर हे म्हणतात, "अगं, सुटे भाग मांडायला कापड लागतं. सुती पाहिजे, धागे सुटणारं नको." मांडलं कुठं, तर सरदारणीच्या गॅरेजात. नवरा नेला तर नेला, लुगडं कशाला न्यायचं.

श्री लिहायचं राहिलं. आता लिहिते. श्री.

वही मुलाच्या, विजूच्या ऑफिसातली, दोन वर्षांमागची, कोरी. छापलेल्या तारखा खोडून माझ्या घालते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका कुणी काढू नयेत. मुळात कुणी वाचूच नये.

सरदारीण म्हणजे जसबीर, दोन घरं सोडून. पुढे नुसतं स. लिहीन, तेवढीच शाई वाचेल. नवरा जाऊन चार वर्षं झाली. त्याची फटफटी गॅरेजात पडून होती, विलायती, आमच्या लग्नाच्याही आधीची. ती आता चालू करायचीय म्हणे. "शिंदे भाईसाब, पूरे पालम में आपके सिवा ये कोई नहीं कर सकता." भाईसाब लगेच पान्हे घेऊन हजर. आमचा पंखा जूनपासून कुरकुरतोय.

५ डिसेंबर

डॉक्टरचं लिहून ठेवते, म्हणजे नंतर घरात वाद नकोत. दिवाळीआधी हे दूध आणायला गेले आणि दोन तासांनी सागरपूरच्या बाजूला सापडले. हातात पिशवी, पिशवीत दूध, घर कुठल्या गल्लीत ते आठवेना. डॉक्टरने कागदावर घड्याळ काढायला लावलं. यांनी बारा आकडे नीट घातले, काटे घालायचे राहिले. डॉ. म्हणाला, सुरुवात असेल, नसेलही, सहा महिन्यांनी परत बघू, तोवर हाताला ओळखीचं काम द्या.

ओळखीचं काम म्हणजे इंजिन. चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात तेच केलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "एक इंजिन पूर्ण उघडून परत बांधतो. बांधता आलं तर डोकं जागेवर आहे. नाही आलं तर मग तुम्ही म्हणाल तसं."

हेच इंजिन आमच्या अंगणात असतं तर मी चकार शब्द काढला नसता.

८ डिसेंबर

चहा नेऊन दिला. बघायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू.

माझं लुगडं जमिनीवर अंथरलेलं. त्यावर भाग मांडलेत, जे आधी सुटलं ते डावीकडे, नंतरचं त्याच्या उजवीकडे, अशी रांग. बांधताना उजवीकडून सुरू करायचं. ही यांची पद्धत. स. पाट घेऊन शेजारी, हातात रॉकेलचा ब्रश. बारीक भाग ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवते. हे म्हणाले "चौदा", तिने न बघता चौदाचा पान्हा हातात दिला.

चौदाचा पान्हा कोण द्यायचं जबलपूरला? क्वार्टरच्या मागच्या पडवीत, रविवारी, साहेब लोकांच्या फटफट्या यायच्या तेव्हा? विजू पाठीला बांधलेला असायचा. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी बारीक भागांच्या पुरचुंड्या बांधायचे. पहिला सुटला त्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. नऊच्या पुढे लाल चिंधी लावून परत एकपासून. अंधारात हात घातला तरी कळायचं कुठला भाग. एक वायसर हरवला नाही कधी.

चहाला स. म्हणाली, "भाभीजी, अदरक थोड़ा कम है."

१२ डिसेंबर

आज नवीन. स.ला किक मारवत नाही, गुडघा दुखतो. तर हे इंजिनात बदल करणार. आतलं काहीतरी हलकं करायचं, ठिणगीचं काम बॅटरीवर घ्यायचं, म्हणजे बटण दाबलं की झालं. हेच गृहस्थ म्हणायचे, जुन्या इंजिनाला हात लावायचा तो दुरुस्तीला, अक्कल चालवायला नाही. मी वीस वर्षं स्वयंपाकघराला खिडकी मागतेय. "भिंतीला धक्का लावायचा नाही." तिने गुडघा चोळला की इंग्रजांचं इंजिन बदलतं.

फेब्रुवारीत जुन्या गाड्यांची मिरवणूक असते दिल्लीत, तिथं स. स्वतः ही फटफटी चालवत जाणार आहे. सहासष्ट वय. हे सांगताना यांचे डोळे कसे झाले होते ते मी बघितलं. पंधरा वर्षांत बघितले नव्हते.

१८ डिसेंबर, चंपाषष्ठी

भरीत-रोडगा केला. इथं वांगी बरी मिळाली, भाजून झाली दहाला. हे आले तीनला, नैवेद्य गार. हाताला रॉकेलचा वास. जेवताना म्हणतात, "जसबीर म्हणत होती..." मी म्हणाले, "देवाचं ताट आहे. देवाला तिचं काय ते सांगू नका."

भरीत दोनदा घेतलं.

२४ डिसेंबर

धुकं. समोरचं घर दिसत नाही. तरी नऊ वाजता माकडटोपी घालून निघाले. भिंतीला हात लावत गेले, दोन घरं. मी फाटकात उभी, गॅरेजचं शटर वाजेपर्यंत. काळजीने नाही. वाजतं का ते बघायला.

रश्मी सुट्टीमुळे घरी. सून चांगली आहे पण पुण्याची, सगळं हसण्यावारी नेते. "आई, तुम्ही जेलस आहात." मी म्हटलं म्हणजे काय. तिने सांगितलं. मी म्हणाले, मला सत्तरी लागली, मला गुडघे आहेत, बीपी आहे, हे नवीन दुखणं नको. ती म्हणे, "यार आई, बाबा केवढे खुश आहेत, बघा ना."

तेच तर बघतेय.

३० डिसेंबर

दोघं करोल बागेला गेले, पिस्टनच्या रिंगा आणायला. तिच्या स्कूटरवर. ती पुढे, हे मागे, दोन्ही हात तिच्या जाकिटाच्या खिशापाशी. सगळी गल्ली उन्हात बसलेली, मटार सोलत. गुप्ताईन मला विचारते, "शिंदेजी कहाँ चले?" मी सांगितलं, "अस्पताल."

लग्नानंतर मला फटफटीवर एकदाच बसवलं होतं, तेही साहेबाची गाडी तपासायची होती म्हणून. वजन पाहिजे होतं मागे.

७ जानेवारी

बांधायला सुरुवात. खालचा भाग बसला. घरी येऊन जेवताना सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं, कशावर काय, किती घट्ट. अडखळले नाहीत. विजूला म्हणाले, "डॉक्टरला म्हणावं, घड्याळ दे आता, काटे घालतो." विजू हसला. मी भाकरी वाढली.

बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं पण. पण मग म्हणाले, "जसबीर नसती तर जमलं नसतं." मग कमी वाटलं.

१५ जानेवारी, संक्रांत

काल भोगी. भाजी इथं मटार-गाजर-ओला हरभरा घालून होते, बरी झाली. काल रात्रीच स.च्या अंगणात लोहडीची शेकोटी होती. हे जाऊन शेकत बसले, खिशातून रेवड्या घेऊन आले. आज तिळगूळ दिला तर म्हणतात, रेवडीने दात दुखतोय.

१९ जानेवारी, शुक्र.

लक्ष्मीबाई नगरला हळदीकुंकू, देशपांडेबाईंकडे. सरकारी क्वार्टर, तीन खोल्या, चाळीस बायका. वाण म्हणून स्टीलची चाळणी. एकजण म्हणाली, तुमच्या शेजारच्या पंजाबी बाईंना आणायचं ना, आम्ही सगळ्यांना बोलावतो. मी म्हणाले, विधवा आहे. देशपांडेबाई म्हणाल्या, "अहो आजी, आता कोण पाळतं ते. माझ्या सासूबाई बसल्यात की तिथं." बसल्या होत्या खऱ्या, कुंकू लावून, लाडू खात.

मला सबब बरी सापडली होती. ती पण गेली.

२० जानेवारी

आज जे केलं ते लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन केलं नाही.

उरलेलं वाण पोचवायला गुप्ताईनकडे गेले होते. येताना गॅरेज उघडं. हे आत हात धुवायला, स. चहा करायला. लुगड्यावर आता थोडेच भाग उरलेत. त्यांच्या उजव्या टोकाला एक चकती, बसवायला पिशवीतून काढलेली. आठाण्याएवढी, दाढीच्या पात्यासारखी पातळ, मध्ये भोक. मी ओळखते तिला. टायमिंगच्या दात्याच्या चाकामागे बसते. नसली तर चाक हलतं, इंजिन टकटक करतं, पुढे दात खातं.

उचलली. पदराच्या गाठीत कालची हळदीची पुडी होती, त्यातच बांधली आणि घरी आले.

का, ते मला विचारलं तर सांगता येईल. बघायचं होतं, तिच्या इंग्रजी चिठ्ठ्यांना कळतं का काय हरवलं. तिला जाब द्यावा लागला असता. रांग तिच्या ताब्यात होती.

एवढंच डोक्यात होतं. माझ्या डोक्याला कुणी घड्याळ काढायला लावलेलं नाही.

२१ जानेवारी

तिला जाब द्यावा लागला नाही. यांनी तिला विचारलंच नाही.

संध्याकाळी आले ते पलंगावर बसले, बूट न काढता. "एक शिम, ती पातळ चकती, सापडत नाही. मी स्वतः ठेवली होती. का ठेवली नव्हती, कुणास ठाऊक." स. मागोमाग आली, तिचे डोळे लाल. म्हणते, "भाईसाब, लेथवाले से नयी बनवा लेंगे, इतनी सी चीज़ है."

हे म्हणाले, "चकती करून मिळेल. मी ठेवलेली कुठं गेली, ते करून मिळणार नाही."

मराठीत म्हणाले. तिला कळलं नाही. मला कळलं.

२२ जाने.

गाठ सोडली नाही. साडी बदलली तेव्हा पुडी आणि चकती नव्या पदरात बांधली. सांगायचं म्हटलं की तोंडात एकच वाक्य येतं, आणि ते वाक्य ऐकल्यावर हे काय करतील ते दिसतं. आधी माझ्याकडे बघतील. मग तिला जाऊन सांगतील. मग दोघं हसतील. सत्तरीची बाई, नवऱ्यावर पाळत.

उद्या सांगेन.

२४ जाने.

नाही सांगितलं. हे गॅरेजला जात नाहीत. अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसतात, माझ्यासमोर. मला हवं होतं तेच झालं.

पेपर हातात, पान तेच. "आज वार कोणता?" मी बुधवार म्हणाले. तासाने परत तेच विचारलं. इंजिनाचं काम चालू होतं तोवर महिन्याभरात एकदा विचारलं नव्हतं.

मेथी निवडत बसले. पंखा दुरुस्त करता का, मी विचारलं. हे म्हणाले, "नको. उघडलेलं परत बांधता येईल का सांगता येत नाही."

२६ जानेवारी

डोक्यावरून विमानं गेली परेडची. हे दरवर्षी गच्चीत जाऊन इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात कुठलं. आज वर बघितलं नाही.

२९ जानेवारी, सोम.

तोंडाने जमेना तर हाताने करू म्हटलं. तिळगुळाचा डबा घेऊन स.कडे गेले, रथसप्तमीपर्यंत देतात, नवल नाही. ती डबा रिकामा करायला आत गेली. मी चकती पदराला पुसली आणि लुगड्याच्या उजव्या कडेच्या घडीखाली सरकवली. सापडेल, हे म्हणतील बरं झालं, बांधतील, संपलं.

येताना हात हलका वाटला.

३० जाने.

सकाळी स. धावत आली, चकती तळहातावर. "मिल गयी भाईसाब, कपड़े के नीचे थी." मी पोळी लाटत होते. आता हसतील म्हणून वळून बघितलं.

हे भिंतीसारखे पांढरे झाले.

"त्या घडीखाली मी तीनदा बघितलं," म्हणाले. "तीनदा. कापड उचलून झटकलं." मग हिंदीत तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, होता है. हे म्हणाले, "मला दिसली नाही म्हणजे आता डोळ्यांसमोरचं पण दिसत नाही."

पोळी करपली.

हरवली तेव्हा एकच शंका होती, ठेवली का नव्हती. मी परत ठेवून दुसरी घातली.

१ फेब्रुवारी

यांनी विजूला सांगितलं, "पान्हे कुणाला तरी देऊन टाक. तिला म्हणावं दुसरा मिस्त्री बघ." मग घराची किल्ली खिशातून काढून रश्मीच्या हातात दिली. "माझ्याकडे नको. मी हरवीन."

रश्मी आत येऊन रडली. विजू डॉक्टरला फोन लावून तारीख अलीकडे घेत होता. मी भांडी घासली. घासलेली परत घासली.

किल्ली बावीस वर्षं त्यांच्या खिशात होती. मी मागितली तरी देत नव्हते.

३ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी स. आली. हे झोपले होते. तिने बसायला सांगितलं, माझ्याच घरात मला. रुमालातून चकती काढून पाटावर ठेवली. कडेला, भोकाभोवती, पिवळं.

"भाभीजी, मेरे गैराज में तेल है, केरोसिन है, ग्रीस है. हल्दी नहीं है."

मी पदराची गाठ मुठीत धरली.

ती म्हणाली, मी त्यांना दाखवलं नाही. त्यांनी हातातच घेतली नाही परत. आधी तिलाही समजेना. मग काल भांड्यांच्या पाटीत माझा परत द्यायचा राहिलेला तिळगुळाचा डबा दिसला, त्याच्या झाकणालाही असाच पिवळा ठसा. हुशार आहे. हे मी आधीपासून म्हणत होते, चांगल्या अर्थाने नाही.

वाटलं आता शिव्या घालेल. मी तयार होते, पंजाबी शिव्या मला सगळ्या येतात, चाळीस वर्षं झाली इथं. तर म्हणते काय, "जिस दिन गुम हुई, पता है भाईसाब ने क्या कहा? कहा, मेरी मिसेज होती तो गाँठ बाँध के रखती. उसके हाथ से जबलपुर में एक वाशर नहीं खोया. रोज़ सुनाते हैं मुझे. एक गाँठ, दो गाँठ, लाल चिंदी. मेरे कान पक गये आपकी गाँठों से."

मला तोंडावर कधी बोलले नाहीत. बाहेर बोलायला जीभ आहे.

मी म्हणाले, "तो फिर बुलाया क्यों नहीं मुझे?"

"मैंने कहा था. वो बोले, उसके घुटने दुखते हैं, ठंड में ज़मीन पर कहाँ बैठेगी."

तिच्या गुडघ्यासाठी इंजिन बदललं, माझ्या गुडघ्यासाठी मला घरी ठेवलं. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. अजून राग आहे. कमी झालाय असं लिहिणार नाही, कारण झालेला नाही. तिने ओढणी सावरली तरी मला दिसतं.

उठताना म्हणाली, "कल इतवार है, सब घर पे होंगे. दस बजे आऊँगी, ये लेकर. भाईसाब के सामने पूछूँगी, हल्दी कहाँ से आयी. आप बता दो तो ठीक. नहीं तो मैं बताऊँगी." चकती रुमालात बांधून घेऊन गेली. गाठ एकच मारली, सैल. अशी सुटते.

हे चारला उठले. चहा दिला. विचारलं, "वार कोणता?" मी शनिवार सांगितलं. म्हणाले, "जसबीरचा आवाज आला का?" मी हो म्हणाले. "काय म्हणत होती?" मी म्हणाले, आलं कमी पडलंय म्हणत होती. हसले जरा. दहा-बारा दिवसांनी.

तेव्हाच सांगायचं होतं. कप धुवायला उठले.

ट्रंकेतून जुनं लाल पातळ काढून चिंध्या फाडून ठेवल्यात, नऊ. लागल्या तर लागल्या.

जेवताना सगळ्यांना सांगून ठेवलंय. उद्या दहाला बेल वाजेल. रश्मीने उठायचं नाही. विजूने उठायचं नाही. यांनी तर खुर्चीतून हलायचंच नाही. दार मी उघडणार. ती काय विचारेल त्याचं उत्तर मी द्यायचं, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.